अम्मीची चिडचिड की आजार? पाळी थांबण्याच्या वयातली उदासी समजून घेऊ या

आमगावला आमच्या शाळेत पालक सभा संपली की काही माता मागे थांबतात. मुलांचा अभ्यास हे निमित्त असतं. अशाच एका सभेनंतर पंचेचाळिशीतल्या एका भगिनीने हळूच विचारलं, "मॅडम, रात्री घाम येऊन जाग येते, छातीत धडधड होते. दिवसा उगाच रडू येतं. नमाजमध्येही मन लागत नाही. माझं ईमान कमजोर झालं का?"

हा प्रश्न आपल्या अनेक घरांत दबून राहतो. कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं वरचं काही आहे, तर सुनेला वाटतं सासूचा स्वभावच तसा. म्हणून शरीरात नेमकं काय घडतं ते साध्या भाषेत पाहू या.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली, असं डॉक्टर मानतात. आपल्या देशात हे बहुधा ४५ ते ५० या वयात होतं. पण त्रास काही वर्षं आधीच सुरू होऊ शकतो. त्या काळात अंडाशयातून निघणारं इस्ट्रोजेन कधी वाढतं, कधी घटतं. त्याचा परिणाम पाळीपुरता राहत नाही. मन स्थिर ठेवणाऱ्या मेंदूतल्या रसायनांवर आणि झोपेवरही होतो. त्यात मुलीच्या निकाहची काळजी, घरातल्या म्हाताऱ्यांचं आजारपण. मन थकणारच.

प्रत्येकीला नैराश्य येतं असं मुळीच नाही. मात्र पूर्वी कधी, विशेषतः बाळंतपणानंतर, ज्यांना उदासीचा आजार झाला होता त्यांनी जास्त जपावं. ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयं काढली तर हा बदल हळूहळू न येता एकदम येतो. बीडच्या ऊसतोड भगिनींच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला होता. म्हणून पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत जरूर घ्या.

डॉक्टरांकडे कधी जावं? दोन आठवडे जवळपास रोज उदास वाटत असेल, कशातच गोडी नसेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा सतत भीती वाटत असेल तर. जगणं नकोसं वाटतं असं कोणी बोललं तर त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तरी तपासणी हवीच.

आपल्याला आमगावचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. पुढे गोंदियाला बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. थायरॉइड आणि रक्ताची तपासणी करून घ्या, कारण थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी असलं तरी अशीच लक्षणं दिसतात. बोलायला लाज वाटत असेल तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मराठी-हिंदीत बोलता येतं. समुपदेशन, मनाची औषधं, काहींना हार्मोनची औषधं, असे उपचार आहेत. पण मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नका. हार्मोनची औषधं प्रत्येकीला चालत नाहीत.

रमजानमध्ये अनेक भगिनी गोळ्या परस्पर बंद करतात. तसं करू नका. सहरी-इफ्तारच्या वेळेत औषध बसवता येईल का, ते डॉक्टरांना आधी विचारा. आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआननेच दिली आहे. पाळी अनियमित झाल्याने नमाज-रोजाबद्दल शंका असेल तर जाणकार आलिमांना विचारा, मनात कुढू नका.

घरच्या पुरुषांनीही "तुला काय कमी आहे?" असं विचारण्यापेक्षा सोबत दवाखान्यात जावं.

त्या भगिनीला आम्ही एवढंच म्हटलं, "आपा, साखर वाढली तर ईमान कमजोर झालं असं कोणी म्हणतं का? मग याला तरी का म्हणावं?" दुआ करूच, पण इलाज करणं हीसुद्धा आपल्या नबींची शिकवण आहे.