पाकळीला काठ नसलेली फुले : माल घेताना व शिवताना

कापूस विकून हाती पैसा आला की आमच्या मारेगावात कापडाची विक्री वाढते. अशाच एका हंगामात सुरतेहून नवा माल आला. फिकट निळ्या-हिरव्या जमिनीवर गुलाबी, जांभळी फुले; पण एकाही पाकळीला काठ नाही. रंगात रंग मिसळलेला. मला वाटले, छपाई बिघडली किंवा गाठोडे वाटेत भिजले. परत पाठविण्यासाठी मी ताका बांधून बाजूला ठेवला. मुलीने तो सोडविला, एक टोक धरून दाराशी नेले आणि म्हणाली, "अब्बा, आता तिथूनच पाहा." दहा-बारा फुटांवरून तेच डाग फुले झाले होते. तळ्यात कमळे तरंगावीत तसे कापड दिसत होते.

ही फुले फ्रान्समधील चित्रकारांच्या एका जुन्या पंथावरून घेतलेली आहेत. १८७४ साली पॅरिसमध्ये नादार नावाच्या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत काही चित्रकारांनी स्वतःचे प्रदर्शन भरविले. त्यांत क्लोद मोने याचे सूर्योदयाचे चित्र होते व त्याच्या नावात 'इम्प्रेशन' हा शब्द होता. लुई लरोआ या टीकाकाराने तो शब्द पकडून या मंडळींची थट्टा केली. भिंतीवर चिकटवायचा छापील कागदसुद्धा यापेक्षा पुरा झालेला असतो, असा त्याचा टोमणा होता. थट्टेचे नावच पुढे पंथाचे नाव झाले. आमच्या उर्दूत त्या शब्दाला 'तअस्सुर' म्हणावे. मराठीत 'ठसा' म्हणता येईल, आणि छापील कापड विकणाऱ्याला हा शब्द नवा नाही.

या चित्रकारांचे म्हणणे साधे होते. उन्हात उभ्या माणसाला फुलाची रेघ दिसत नाही, आधी रंग आणि उजेड दिसतो. म्हणून त्यांनी रेघ सोडली आणि रंगाचे तुटक फटकारे शेजारी शेजारी ठेवले. मोनेने १८६६ साली बागेतील स्त्रियांचे मोठे चित्र काढले. पांढऱ्या झग्यावर पानांतून आलेले ऊन पडले आहे आणि सावलीची जागा काळी नसून निळसर आहे. पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने १८६७ साली ते चित्र नाकारले. पुढे जिव्हर्नी गावी त्याने तळे करून कमळे लावली आणि १९२६ साली मरेपर्यंत तीच रंगविली. आज ड्रेस मटेरियलवर येणारी बरीच 'पाण्यातली फुले' त्या तळ्यातलीच आहेत. त्याचा सोबती रेनोआर तर आपल्याच बिरादरीचा म्हणायला हरकत नाही : बाप शिंपी, आई शिवणकाम करणारी, आणि पोरवयात हा चिनी मातीच्या भांड्यांवर फुले रंगवून पोट भरीत असे.

आता धंद्याचे बोलू. स्क्रीनच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. काठ असलेले फूल चार-पाच रंगांत उरकते. बिनकाठाच्या फुलात रंगांच्या इतक्या छटा असतात की स्क्रीनचा खर्च परवडत नाही आणि थोडा माल छापणे शक्यच नसते. संगणकावरून थेट शाई फवारणारी छपाई आल्यावर ही अडचण गेली. स्क्रीन करावी लागत नाही, म्हणून थोडे मीटरही छापून मिळतात. त्यामुळे हा माल मोठ्या शहरांपुरता राहिला नाही.

घेताना मात्र सूत की पॉलिएस्टर, हे आधी ठरवावे. पॉलिएस्टरवर बहुधा कागदावरचा छाप सुमारे २०० अंश उष्णतेने उतरवितात. रंग पक्का बसतो, पण उलटी बाजू पांढरट राहते. बाही दुमडून किंवा दुपट्टा उलटा पडून ती दिसली की गिऱ्हाईक तक्रार करते. सुतावर रंग छापल्यानंतर वाफ द्यावी लागते व नीट धुवावे लागते. धुण्यात कसर केली असेल तर पहिल्याच पाण्यात रंग सुटतो. पांढरा ओला रुमाल कापडावर घासून पाहावा. शंका असल्यास किनारीचा एक धागा जाळावा : सूत कागदासारखे जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पॉलिएस्टर सुती म्हणून विकले तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

दर्जी मंडळींनी पुढचे लक्षपूर्वक वाचावे, कारण इथे माझे स्वतःचे नुकसान झाले आहे. कळ्यांचा कुर्ता बेतताना कळी वर रुंद, खाली रुंद अशी उलटसुलट ठेवतात, कापड वाचते. साध्या छिटेत हे चालते, कारण फुले चहूदिशांना विखुरलेली असतात. या मालात उजेड वरून आणि पाणी खाली, अशी एकच दिशा असते. जवळून ती कळत नाही. एका शिक्षिका बाईंना मी नेहमीच्या हिशेबाने कापड दिले. मास्तरांनी नेहमीप्रमाणे बेतले. बाईंनी घरी आरशासमोर उभे राहून पाहिले तर एकाआड एक कळीतले तळे उलटे! ईद चार दिवसांवर. मास्तर म्हणाले, कापड कमी होते. बाई म्हणाल्या, मी मागितले तेवढे घेतले. दोघेही खरे बोलत होते. कापडाला दिशा आहे हे ज्याला ठाऊक होते तो मी, आणि मीच सांगितले नव्हते. दुसरे कापड मी पदरचे दिले आणि मास्तरांना दुसऱ्यांदा शिवण्याची मजुरीही दिली.

तेव्हापासून अशा मालाच्या बिलावर 'एकदिशा' असे लिहितो आणि कळ्यांच्या ड्रेसला अर्धा ते पाऊण मीटर कापड जास्त सांगतो. फूल मोठे असेल तर एका फुलापासून तेच फूल पुन्हा येईपर्यंतचे अंतर मोजून तेवढे आणखी धरावे. उलट एक सोय अशी की, रेघ नसल्यामुळे शिवणीवर पाकळीला पाकळी जुळविण्याची कटकट नाही; थोडा फरक डोळ्याला कळत नाही. काही भगिनी माणसाचे किंवा प्राण्याचे चित्र असलेले कापड घालीत नाहीत. या रंगांच्या गर्दीत कोपऱ्यात एखादा पक्षी किंवा छत्रीवाली बाई लपलेली असते. ताका पूर्ण उलगडून पाहावा.

छापखान्याकडून स्वतःचा माल छापून घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्या कायद्यात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मोने व रेनोआर यांची चित्रे त्यातून केव्हाच मोकळी झाली. पण त्यावरून आजच्या एखाद्या कारागिराने नवे डिझाइन रचून नोंदविले असेल तर त्याची नक्कल करता येत नाही. 'जुने चित्र आहे' हे उत्तर तिथे चालणार नाही.

उलट्या कळ्यांचा तो ड्रेस मी फेकला नाही. दुकानात आतल्या भिंतीवर टांगला आहे. गिऱ्हाईकाला आधी दाराशी उभे करतो, तो दाखवितो आणि मग गादीवर ताका उलगडतो.