टेरॅरियममधला पाऊस: घरी जोडायचा की विकत आणायचा?

या आठवड्याचा भाग ज्यांचा ऐकायचा राहिला, त्यांच्यासाठी हा लिखित अवतार. यात आकडे बरेच आहेत आणि कानाने ते निसटतात, म्हणून इथे जरा निवांत मांडलेत.

विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून आला. अहिल्यानगरला सावेडीत घर. घरात दोन फूट बाय एक फूट काचेचा टेरॅरियम, त्यात फर्न, मॉस, फिटोनिया. आता नोकरी पुण्यात लागलीय, घरी येणं महिन्यातून एकदा. आई पाणी फवारते, पण आठवलं तर! तर प्रश्न असा: ऑटोमॅटिक मिस्टिंग सिस्टिम विकत घेऊ, की स्वतः जोडू?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पंप, पाइप, नोझल इथलंच घ्या आणि स्वतः जोडा. टायमरवर मात्र कंजुषी नको.

पण त्याआधी एक शंका. मिस्टिंग मुळात लागणार आहे का? लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास बंद बाटलीतल्या ओल्या मातीत फर्न आपोआप उगवलेलं दिसलं आणि त्यातून काचपेटीची कल्पना निघाली. पुढे अशाच पेट्यांमधून चीनमधली चहाची रोपं जहाजाने भारतात आली. पाणी वाफ होऊन काचेवर जमतं, परत खाली येतं. तुमची बरणी खरंच झाकणबंद असेल, तर पंप विसरा. महिनोन्महिने पाणी नाही घातलं तरी चालतं.

श्रोत्याची टाकी मात्र वरून जाळीची आहे, आणि इथेच आपला जिल्हा आडवा येतो. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात दगड न् दगड मॉसने हिरवा होतो. नगर शहर मात्र पर्जन्यछायेत, वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. मार्च-एप्रिलची कोरडी हवा जाळीतून सगळी ओल ओढून घेते. सकाळी फवारलेलं मॉस संध्याकाळी कुरकुरीत. (जाता जाता: कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. तिथून परवानगीशिवाय मॉस किंवा फर्न उचलून आणणं कायद्यात बसत नाही. नर्सरीतून घ्या.)

आता बाजार. मिस्टकिंग आणि एक्झो टेराचा मान्सून ही या छंदातली दोन मोठी नावं, दोन्ही कॅनडातली. वस्तू उत्तम. पण शिपिंग आणि कस्टम धरून आकडा दहा हजारांच्या पुढे सहज जातो, आणि उद्या एक वॉशर गेला तर तो इथे कुठे मिळणार? दुसऱ्या टोकाला ऑनलाइन दिसणारे यूएसबीवर चालणारे स्वस्त किट. ते कुंडीत थेंब थेंब पाणी सोडण्यासाठी असतात. धुकं उडवण्याइतकं प्रेशर त्या पंपात नसतं.

मधला रस्ता आपल्या घरातच लटकलाय. आरओ फिल्टरचा बूस्टर पंप! २४ व्होल्टचा, साधारण ७ बारपर्यंत प्रेशर देतो, आणि आरओ दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही माणसाकडे तो, त्याचा अडॅप्टर, पाव इंची पाइप आणि कनेक्टर मिळतात. मिस्टिंगची ०.३ मिलिमीटर भोकाची पितळी नोझल दोन पुरेत. फक्त फिटिंग बघून घ्या. आरओचा पाइप ६.३५ मिलिमीटरचा असतो, काही नोझलची फिटिंग ६ मिलिमीटरची येते. हे दोन एकमेकांत नीट बसत नाहीत आणि प्रेशर आलं की गळतात. सगळं मिळून खर्च टायमर धरून दोन-अडीच हजार.

कृषी सेवा केंद्रातला पॉलिहाऊसचा फॉगर का नको? कारण एक चार तोंडी फॉगर तासाला पंचवीस-तीस लिटर पाणी उडवतो. दोन फुटी टाकीत म्हणजे पूरच. आणि शेतातल्या जुन्या फवारणी पंपाची मोटर काढून लावू नका, आत औषधाचा अंश राहिलेला असतो.

आता टायमर. खरी गोम इथे आहे. दोन नोझल मिळून मिनिटाला साधारण १४० मिलिलिटर पाणी सोडतात असं धरा. पंधरा सेकंद फवारलं तर ३५, दिवसातून तीनदा म्हणजे १०५ मिलिलिटर. दोन फुटी टाकीला हे ठीक. पण दुकानात मिळणाऱ्या फिरत्या चकतीच्या टायमरची सगळ्यात छोटी पायरी १५ मिनिटांची असते. म्हणजे एका वेळेला दोन लिटरपेक्षा जास्त! साध्या डिजिटल टायमरची पायरी एक मिनिटाची, दिवसाला ४२० मिलिलिटर. मुळं कुजणार. म्हणून सेकंदात सेट होणारा आणि आत बॅटरी असलेला टायमरच घ्या, कारण लाइट गेली तरी घड्याळ चालू राहिलं पाहिजे.

कोडिंग येणाऱ्यांचा हात इथे शिवशिवणार, माहितीय. ईएसपी बोर्डवर जरूर करा, पण वेळ फक्त वायफायवरून घेऊ नका. लाइट आली आणि राउटर उशिरा चालू झाला की बोर्डला किती वाजले तेच कळत नाही. डीएस३२३१ घड्याळ मॉड्यूल नाणं-सेलसह लावा. पंप रिलेच्या नॉर्मली ओपन बाजूला जोडा, म्हणजे बोर्ड बंद पडला तर पंपही बंद. आणि बोर्ड सुरू होताना रिले क्षणभर टिकटिकतो का, ते पंप न जोडता आधी तपासा.

तरीही रिले चिकटू शकतो. विकतचा असो वा घरचा. मग काय? १४० मिलिलिटरने तासाला ८.४ लिटर. वीस लिटरचा जार लावला असेल तर टाकी भरून पाणी खाली टीव्हीवर. म्हणून कॅन छोटा ठेवा, हाच सगळ्यात स्वस्त विमा. टाकीच्या तळाला ६० बाय ३० सेंटिमीटरमध्ये ५ सेंटिमीटर उंच क्ले बॉलचा थर असेल, तर ती जागा ९ लिटरची. गोळ्यांमधली पोकळी सुमारे ४० टक्के धरली, तर साडेतीन लिटर पाणी मातीला न भिजवता तिथे मावतं. मग कॅन ३ लिटरचा. रोजच्या १०५ मिलिलिटरने तो २८ दिवस पुरतो. महिन्याची फेरी बरोबर बसते की नाही?

कॅन टाकीच्या खालच्या पातळीला ठेवा. वर ठेवलात तर पंप बंद झाल्यावरही पाणी उताराने झिरपत राहतं. आणि अडॅप्टरच्या वायरला प्लगच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळलेला थेंब तिथूनच खाली पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

शेवटी पाणी. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बादलीला पांढरे डाग पाडतं, ते ०.३ मिलिमीटरच्या भोकाचं काय करेल! ठिबकवाले शेतकरी ड्रीपर मोकळे करायला लाइनमध्ये ॲसिड सोडतात, ते याच क्षारांसाठी. दहा हजारांचं नोझलही यातून सुटत नाही. कॅनमध्ये आरओचं शुद्ध पाणी भरा (नळीतून वाया जाणारं नव्हे, त्यात क्षार उलट जास्त असतात) किंवा गाळलेलं पावसाचं. नोझल अडलंच तर रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसताच्या पाण्यात बुडवून ठेवा. सुई घालून भोक मोठं करू नका, मग धुक्याऐवजी धार येते.

आणि श्रोत्याला एक विनंती: पुण्याला जायच्या आदल्या रात्री हे जोडू नका. दोन आठवडे आधी लावा. पहिल्या दिवशी नोझल मेजरिंग कपात धरून एक मिनिट चालवा आणि स्वतःचा आकडा काढा, कारण माझा १४० तुमच्याकडे ११० किंवा १७० निघू शकतो. त्यावरून सेकंद ठरवा. मग आईला एवढंच सांगा, की कॅनवर मार्करने मारलेल्या रेघेच्या खाली पाणी गेलं की एक फोटो पाठव.