औषधाआधी तपासणी

कॅन्सरचे निदान झालेल्या घरात हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : केमोऐवजी ते नवीन औषध देता येईल का? ‘टार्गेटेड थेरपी’ आणि ‘इम्युनोथेरपी’ ही नावे आता आपल्या सीमाभागातही कानावर पडू लागली आहेत. शेत गहाण टाकण्याआधी त्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

केमोथेरपीचा मारा झपाट्याने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर होतो; म्हणून केस गळतात, तोंड येते. टार्गेटेड थेरपी कॅन्सर वाढवणाऱ्या नेमक्या बिघाडावर काम करते. ‘सीएमएल’ या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलतात आणि एक सदोष प्रथिन तयार होते. ते पांढऱ्या पेशींना सतत वाढायला लावते. अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळालेली इमॅटिनिब ही गोळी त्या प्रथिनालाच अडवते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावरील पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळत राहिल्या. पण तो बिघाडच नसेल, तर गोळी काय करणार? स्तनाच्या कॅन्सरमध्येही ‘हर-२’ तपासल्याशिवाय ट्रास्टुझुमॅब देत नाहीत, ते याच कारणाने.

इम्युनोथेरपीची रीत वेगळी. मराठीत रोगप्रतिकारशक्ती, कन्नडमध्ये रोगनिरोधक शक्ती; तिच्यातील टी-पेशी अनावर होऊ नयेत म्हणून त्यांना जणू ब्रेक असतात. कॅन्सर हेच ब्रेक दाबून ठेवतो आणि काही औषधे ते सोडवतात. या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. दुसऱ्या एका पद्धतीत रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या अशा भारतीय उपचाराला २०२३ साली मान्यता मिळाली. तो रक्ताच्या ठरावीक कॅन्सरपुरताच आहे. गुळवेलीचा काढा म्हणजे इम्युनोथेरपी नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

ब्रेक सुटला की टी-पेशी कधी आपल्याच आतड्यांवर, फुफ्फुसांवर, थायरॉइडवर उलटतात. जुलाब, धाप, अंगावर पुरळ, फार थकवा दिसला तर घरगुती इलाज न करता लगेच डॉक्टरांना कळवावे. असा त्रास काही महिन्यांनीही होऊ शकतो.

म्हणून डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारा. या औषधासाठी लागणारी तपासणी झाली आहे का? तिचा निकाल काय? औषधाने आजार बरा होईल की आटोक्यात राहील? किती दिवस घ्यावे लागेल, खर्च किती? सरकारी योजनेत काय बसते, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. आणि बरे वाटले म्हणून चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना मराठी सोयीची असो वा कन्नड, या प्रश्नांची उत्तरे त्यांना त्याच भाषेत समजावून सांगा. अखेर उपचार त्यांच्या शरीरावर व्हायचे आहेत.