पांझरेचा पाटकरी

दोंडाईचेकर धुळ्याला जातो तो तारखेला. कोर्टाची तारीख, कलेक्टर कचेरीतला दाखला, सिव्हिलमध्ये कुणी ॲडमिट. काम आटोपलं की परतीची एस.टी. धुळं 'बघायला' म्हणून कुणी गेल्याचं आमच्या मिरची मार्केटात सांगितलं तर लोक तब्येतीची चौकशी करतील. त्यामुळे दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'धुळ्यात पाहण्यासारखं काय, यावर लिहा' असं कळवलं तेव्हा मी आधी हसलो आणि मग निघालो.

रस्त्यातच पहिलं स्थळ लागतं. चिमठाण्याजवळ 14 एप्रिल 1944 रोजी क्रांतिकारकांनी सरकारी खजिन्याची गाडी अडवून साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम प्रतिसरकारच्या कामासाठी नेली. जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी थेट सातारा-सांगलीकडून त्यासाठी खानदेशात आले होते. पुढे सोनगीर, तिथला किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी. मग आग्रा रोड, आणि धुळं.

शहराचा अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपतो. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्यानं जिल्ह्याचं ठाणं पांझरेकाठी धुळ्याला वसवलं. जुनं धुळं होतंच, त्याला लागून त्यानं सरळ रेषेत पेठा आखल्या. आजही धुळेकर पत्ता सांगतो तो 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर पाच' असा. हाच ब्रिग्ज पुढे फरिश्त्याच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी अनुवादक म्हणून नावाजला. 1872 च्या पुरानं शहराला चांगलाच तडाखा दिला, 1900 मध्ये चाळीसगावहून रेल्वेचा फाटा आला, आणि तो बरीच वर्षं फाटाच राहिला.

पाहण्यासारखं म्हणाल तर धुळ्यात कागद आहेत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची दप्तरं धुंडाळत शेवटी इथेच विसावले आणि 31 डिसेंबर 1926 रोजी इथेच वारले. त्यांच्या मागे लगेच 1927 मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतून जमवलेली बाडं समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. समर्थांच्या हातचं म्हणून जपलेलं वाल्मीकि रामायणही तिथेच. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. देवपुरात नदीकाठी एकवीरा देवी, दक्षिणेला लळिंगचा किल्ला. यादी झाली. एका मासिकाला एवढी पुरतेही.

पण एकवीरेच्या घाटाजवळ उभं राहून मी नदीकडे पाहत होतो आणि यादीवरचं माझं लक्ष उडालं. पांझरा साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या वर डोंगरात उगवते, धुळ्यातून जाते आणि आमच्याच शिंदखेडा तालुक्यात मुडावदला कपिलेश्वराजवळ तापीला मिळते. म्हणजे तिचं शेवटचं पाणी आमच्या वाट्याचं. धुळ्यात मात्र तिच्यात शहराचं सांडपाणी वाहतं, आणि पिण्याचं बरंचसं पाणी शहर वर्षानुवर्षं तापीवरून, बाभळ्याहून पाइपानं वर चढवत आलं आहे. एवढं करूनही नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं ही धुळेकरांची जुनी तक्रार. हीच नदी वरच्या अंगाला शेकडो वर्षं भांडणाशिवाय वाटली जात होती, हे मला ऐकून माहीत होतं. मी साक्रीची गाडी धरली.

पांझरेवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत, बुटके. धरणासारखं पाणी साठवणं हे त्यांचं काम नाही. वाहत्या नदीला थोडं अडवून, पातळी हातभर उंचावून पाणी काठाच्या कालव्यात वळवायचं, एवढंच. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत सारंग, उरलेलं पाणी सांडव्यानं परत नदीत. या रचनेला आपल्याकडे फड पद्धत म्हणतात. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ती तीनशे वर्षांहून जुनी असल्याचं मानलं जातं.

बांधकामात विशेष असं काही नाही. मती गुंग होते ती वाटपानं. बंधाऱ्याखालच्या सगळ्या जमिनीचे साधारण चार फड, म्हणजे मोठे पट्टे, पाडलेले असतात. एका फडात त्या वर्षी एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात दोन हंगामांचं पीक, तिसऱ्यात एकाच हंगामाचं, चौथा विसाव्याला. पुढच्या वर्षी क्रम एकानं सरकतो. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असते. त्यामुळे पाणी कमी असेल त्या वर्षी शेतकऱ्यांचे पंच एखादा फड कोरडा ठेवतात तेव्हा तो कुणा एकाच्या नशिबी येत नाही, सगळ्यांचाच एकेक तुकडा पडीक राहतो. कायदा, कचेरी, मीटर यांतलं काहीही न लागता तुटवडा सारखा वाटला जातो. मी जलसंपत्तीवरची बरीच शासकीय धोरणं वाचली आहेत. इतकी साफ कल्पना त्यांत फार थोड्या ठिकाणी सापडते.

आणि हे सगळं चालतं पाटकऱ्यावर. पंचांनी नेमलेला हा माणूस फावडं खांद्यावर टाकून चारीनं चालतो, बारं, म्हणजे चारीतून वावरात पाणी घ्यायचं तोंड, फोडतो, वावर भिजलं की बुजवतो आणि पुढच्या वावराकडे वळतो. शेतकऱ्यानं स्वतः बारं फोडायचं नाही. रात्रीचं पाणी असेल तर मालक घरी झोपलेला असतो आणि पाटकरी गुडघाभर चिखलात. पिकांवर, गुराढोरांवर नजर ठेवायला जागल्या, या सगळ्यांच्या वर हवालदार. मोबदला पूर्वापार धान्यात.

एका बंधाऱ्यापाशी मला एक म्हातारे पाटकरी भेटले. सत्तरीच्या पुढचे असावेत. "कथाइन उनात भाऊ?" त्यांनी विचारलं. दोंडाईचा म्हटल्यावर मिरचीचा भाव विचारला आणि मगच बोलायला लागले. चोरी कशी ओळखता, असं मी विचारलं. त्यांनी फावड्यानं शेतांकडे दाखवलं. सगळ्या फडात एकच पीक, एकाच वेळी पेरलेलं. ज्यानं पाळी मोडून पाणी घेतलं त्याचं वावर दोन दिवसांत वेगळं हिरवं दिसतं. सगळ्या गावाला दिसतं. आणि आपल्या वावराला आधी पाणी द्या म्हणून कुणी आलाच तर?

"वावर तुनं, पानी फडनं," ते म्हणाले आणि चालू लागले. मी मागे मागे. बारं फोडताना ते पाण्याकडे बघत नाहीत, ऐकतात असं मला वाटलं. माती कुठे कापायची, किती कापायची, पाणी वावराच्या पार टोकाला पोचलं हे इकडच्या कडेला उभं राहून कसं कळतं, हे त्यांनी दोनदा समजावलं. मला एकदाही धड कळलं नाही. वावराचा उतार त्यांच्या पायांना पाठ होता.

याच खोऱ्यात 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नुकताच लागलेला एक विशीतला इंजिनियर कामाला आला होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. दातर्तीला त्यांना नळाचा सायफन बांधायचा होता: एका काठाचं पाणी पात्राखालून नेऊन पलीकडे वर काढायचं. पावसाळा लागला, खणलेलं काम वाळूनं भरायला लागलं. काम पावसानंतर करू असं त्यांनी कळवलं, तर वरिष्ठांचा झोंबणारा शेरा आला. मग त्यांनी ते भर पावसात पुरं करून दाखवलं. पुढे पुण्याकडच्या कालव्यांवर त्यांनी जमिनीचे गट पाडून पिकं फिरवण्याची 'ब्लॉक' पद्धत आणली. फड पाहिलेल्या माणसाला तिच्यातलं साम्य चटकन जाणवतं. त्यांनी ती इथूनच उचलली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण खानदेशी माणूस म्हणून तसं वाटून घ्यायला माझी हरकत नाही.

आता अडचणी. पहिली म्हणजे नदीच. वर लाटीपाड्याचं धरण झालं, नंतर अक्कलपाड्याचं. पूर्वी उन्हाळ्यातही झिरपत राहणारी पांझरा आता धरणातून सोडलं की वाहते, नाही तर कोरडी. फडाची सगळी बुद्धी वाहत्या नदीवर बेतलेली होती. केव्हा येणार ते माहीत नसलेल्या आवर्तनावर ती चालवणं अवघड. त्यात वाळू उपसली गेली. पात्र खाली गेलं की बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो आणि काठच्या विहिरीही खोल जातात.

दुसरी अडचण विहीर आणि मोटर. ज्याच्याकडे स्वतःची विहीर त्याला पाळीची गरज नाही. तो आपल्या तुकड्यात हवं ते पीक घेतो, बहुतेक कांदा नाही तर ऊस. फडात एक वावर वेगळं निघालं की पाटकऱ्याचा हिशेब बिघडतो, दहा निघाली की फड संपतो. उसाचाही भरवसा राहिला नाही. भाडण्याचा पांझराकान साखर कारखाना कित्येक वर्षं बंद होता. भावाभावांत वाटण्या होऊन तुकडे इतके बारीक झाले की चारही फडांत जमीन असलेली घरं विरळ झाली. ज्याची जमीन एकाच फडात आहे, तो आपला फड कोरडा ठेवू देईलच कशाला? पंच पूर्वी एका शब्दात जे ठरवत, ते आता ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोण कुणाकडे होता यावर अडतं.

सरकारनं पाणीवापर संस्थांचा कायदा 2005 मध्ये केला. कागदावर तो फडासारखाच वाटतो: शेतकऱ्यांची संस्था, ठरलेलं पाणी, आतलं वाटप त्यांनी करायचं. पण त्यात पाणी मोजून घनमीटरमध्ये देतात. फडात ते कुणी मोजलंच नव्हतं, फक्त पिकापुरतं दिलं होतं.

आणि पाटकरी मिळत नाही. म्हाताऱ्या बाबांचा मुलगा सुरतेला साड्यांच्या मार्केटात हमालीला आहे आणि धान्याच्या मोबदल्यावर परत येणार नाही. गावात कुणी शिकायला तयार नाही, कारण रात्री चिखलात उभं राहून इतरांची वावरं भिजवण्याला आज मान नाही आणि पैसाही नाही. निघताना पंचांपैकी एक गृहस्थ फाट्यापर्यंत सोडायला आले. लेखात काय लिहिणार, असं त्यांनी विचारलं. मी धुळ्याची प्रेक्षणीय स्थळं वगैरे सांगितलं. ते म्हणाले, जमलं तर एवढं छापा, पाटकरी पाहिजे. रोख महिना देऊ, फावडं आमचं.