डांबरगोळीच्या गोत्रातली वीज

दिवाळीची आवराआवर निघाली की घरोघरी ट्रंका उघडतात. तळाचा शालू वर येतो आणि त्याच्याबरोबर डांबरगोळीचा तो उग्र, ओळखीचा वासही. ही गोळी कसरीपासून कपडे राखते, एवढेच तिचे कर्तृत्व आपण जाणतो. पण वाचकहो, हिच्याच गोत्रातले पदार्थ आज मोबाइलच्या पडद्यावर उजेड पाडत आहेत, असे सांगितले तर पटेल काय?

माझे शिक्षण अकोल्याला झाले आणि पुढे बरीच वर्षे मी अमरावतीला पदार्थविज्ञान शिकवले. 'सेंद्रिय अर्धवाहक' हे शब्द फळ्यावर लिहिले की वर्गात हमखास खसखस पिकायची. आमच्या वऱ्हाडात सेंद्रिय म्हणजे शेणखत! रसायनशास्त्रात मात्र सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे. दगडी कोळशाच्या डांबरातून नॅफ्थलीन निघते. जुन्या पद्धतीची डांबरगोळी त्याचीच. त्याच्या रेणूत कार्बनच्या दोन षट्‌कोनी कड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. तीन कड्या जोडल्या की अँथ्रासीन, पाच जोडल्या की पेंटासीन. आणि अर्धवाहक म्हणजे काय? तांबे विजेला दार सदा उघडे ठेवते, काच सदा बंद ठेवते. अर्धवाहक मात्र आपण सांगू तेव्हा दार उघडतो आणि सांगू तेव्हा लावतो. रेडिओपासून संगणकापर्यंतची सारी किमया या एका गुणावर उभी आहे.

हे काम सिलिकॉन उत्तम करते. मग या कार्बनी मंडळींना कसे जमावे? श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणून अकोल्याच्या राजराजेश्वराला घालतात. समजा, कावडीऐवजी नदीपासून देवळापर्यंत माणसांची रांग उभी केली आणि घागर हातोहात पुढे दिली. माणसे सारख्या अंतरावर, एकाच दिशेला तोंड करून उभी असली तर घागर झरझर जाईल. मध्ये खिंडार पडले किंवा भलताच कुणी घुसला की ती अडली! सिलिकॉनचे अणू एकमेकांना घट्ट बांधलेले असतात; तिथे इलेक्ट्रॉनला जणू पक्की सडक मिळते. सेंद्रिय पदार्थात रेणू नुसते शेजारी शेजारी बसलेले असतात, म्हणून कारभार बराचसा हातोहात. अशी रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही न मोडता लागली, की त्याला म्हणायचे एकस्फटिक.

या विद्येचा इतिहास मोठा रंजक आहे. अँथ्रासीनवर प्रकाश पडला की त्यातून वीज वाहू लागते, हे इटलीच्या पोकेत्तिनो यांनी १९०६ साली पाहिले. १९३० च्या सुमारास कलकत्त्यात केदारेश्वर बॅनर्जींनी नॅफ्थलीन आणि अँथ्रासीन यांच्या स्फटिकांची रचना उलगडली. १९४७ साली बर्लिनमध्ये हार्टमुट कालमान यांनी किरणोत्सर्ग टिपण्यासाठी चक्क डांबरगोळीतले नॅफ्थलीन वापरले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या शहरात दुसरे मिळणार तरी काय? हेच कालमान पुढे न्यूयॉर्कला गेले. तिथे १९६३ साली मार्टिन पोप आणि त्यांनी मिळून अँथ्रासीनच्या स्फटिकाला वीज देऊन उजेड पाडला. मात्र त्यासाठी सुमारे ४०० व्होल्ट लागले! १९८७ साली टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी स्फटिकाऐवजी अतिशय पातळ थर घेतले आणि तोच उजेड १० व्होल्टच्या आत आणला. आजच्या पडद्यांचे मूळ तिथे आहे.

पण याच क्षेत्रात एक मोठा घोटाळाही झाला. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतला यान हेंड्रिक शोन हा तरुण शास्त्रज्ञ पेंटासीन, टेट्रासीन यांच्या स्फटिकांतून एकाहून एक अद्‌भुत निष्कर्ष काढू लागला. जगभरच्या प्रयोगशाळा तसे करून पाहताना थकल्या, कुणालाच जमेना. अखेर निरनिराळ्या प्रयोगांचे आलेख हुबेहूब सारखे असल्याचे उघडकीस आले. सप्टेंबर २००२ मध्ये चौकशी समितीने २४ पैकी १६ आरोप सिद्ध धरले आणि त्याची नोकरी गेली. पुढे काही वर्षांतच रुब्रीन नावाच्या नारिंगी स्फटिकाने खरे उत्तर दिले. त्यात विद्युत्‌भार अनाकार सिलिकॉनपेक्षा दहापटीहून अधिक चपळाईने धावतो, असे प्रामाणिक मोजमापांनी ठरले. सिलिकॉनच्या एकस्फटिकाची सर मात्र त्यालाही नाही. शिवाय हे स्फटिक लहान आणि ठिसूळ. बाजारात अजून पातळ थरांचेच राज्य आहे. तरीही त्या पदार्थाच्या अंगी मुळात किती बळ आहे, हे पाहायचे तर कसोटी एकस्फटिकाचीच.

शोनची गोष्ट मी वर्गात सांगायचो तेव्हा मला एक वही आठवायची. दर्यापूरकडच्या एका मुलीने आमच्या प्रयोगशाळेत नॅफ्थलीनचा स्फटिक वाढवायला घेतला होता. द्रावण कोमट पाण्याच्या टाकीत ठेवायचे, रोज पाण्याचे तापमान अगदी थोडे उतरवायचे आणि वाट पाहायची. अकरा दिवसांत बोराएवढा स्वच्छ स्फटिक तयार झाला. बाराव्या रात्री वीज गेली. पौषातली थंडी! सकाळी पाहतो तो त्या स्फटिकावर बारीक कणांची साखर पसरलेली. परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. एक मित्र तिला म्हणाला, "अगं, अकरा दिवसांचे आकडे आहेत ना? पुढचे टाक अंदाजाने. कोण बघतंय?" तिने वहीत लिहिले: "वीज गेली. स्फटिक बिघडला. पुन्हा आरंभ." दुसरा स्फटिक हरभऱ्याएवढाच झाला आणि गुणही बेताचेच पडले.

ती आज एका शाळेत विज्ञान शिकवते. मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, "सर, माझ्या मुलांना मी तुरटीचे स्फटिक वाढवायला देते. बिघडलेलेही जपून ठेवायला सांगते, आणि का बिघडला ते शेजारी लिहायला लावते."