प्रतिभेमागची मजुरी

किर्लोस्करवाडी स्टेशनापासून जवळच कुंडल हे गाव आहे. आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. एके काळी ते औंध संस्थानात होते. १९४२ नंतर पत्री सरकारमुळे ते महाराष्ट्रभर गाजले. पण त्याच्या कितीतरी आधी, संस्थानातल्या एका कारकुनाचा मुलगा इथे शाळेत जात असे. मूळचा माडगुळ्याचा. नाव गजानन दिगंबर. हेच पुढे आपल्या सर्वांचे गदिमा झाले!

कवी हा जन्मावाच लागतो, असे आपण सहज म्हणून जातो. जणू सरस्वती येऊन कानात सांगते आणि कवी नुसता उतरवून घेतो! गदिमांचे आयुष्य मात्र निराळेच सांगते.

घरची गरिबी होती. मॅट्रिकची परीक्षा काही पदरात पडली नाही. म्हणजे नोकरीची वाटही बंद. पोटासाठी त्यांनी कोल्हापूरची चित्रसृष्टी गाठली. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त लहानशी भूमिका केली. वि. स. खांडेकरांचे ते लेखनिकही झाले. दुसऱ्याची वाक्ये उतरवून घेण्याचे हे काम कमीपणाचे वाटेल कोणाला. पण वाक्य कसे उभे राहते, शब्द कुठे खोडावा लागतो, हे शिकायला त्याहून चांगली शाळा कोणती? पुढे चित्रपटांसाठी गाणी लिहिताना चालीच्या मापात शब्द बसवण्याची सवय झाली.

या उमेदवारीची कसोटी लागली ती पुणे आकाशवाणीवर. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. 'गीतरामायण' सुरू झाले आणि दर आठवड्याला नवे गीत देण्याचा वायदा गदिमांच्या गळ्यात पडला. गीत हाती येणार केव्हा, सुधीर फडके चाल लावणार केव्हा, गायक आणि वादक तालीम करणार केव्हा? रेडिओचे घड्याळ कोणासाठी थांबत नाही. शिवाय प्रसंग बदलला की गाणारे पात्र बदलायचे आणि पात्राबरोबर भाषाही. त्या वर्षी अधिक मास आला, आणि योजलेल्या ५२ गीतांची ५६ झाली. त्यातच चित्रपटांचे लेखनही चालू होते. तरीही पुढच्या रामनवमीला, एप्रिल १९५६ मध्ये, हा यज्ञ यथासांग पुरा झाला.

प्रतिभा नव्हती असे कोण म्हणेल? पण आठवड्याच्या आठवड्याला ती हजर झाली, कारण तिला बोलावण्याची मेहनत आधी कितीतरी वर्षे चालली होती.

तुमच्या घरातही कोणी मुलगा, कोणी मुलगी वहीच्या मागच्या पानावर कविता लिहीत असेल. तिचे कौतुक जरूर करा. पण कौतुकाबरोबर लिहायला एक कोपरा द्या, रोजची ठरलेली वेळ द्या, आणि कालची ओळ आज खोडायला शिकवा. देणगी देवाची असेल. मजुरी मात्र ज्याची त्यानेच करायची असते.