पाळणा मोजून पाहिलात का?

आमच्या घरात एक पाळणा आहे. अस्सल सागवानी, चार कोपऱ्यांना चार नक्षीदार कळस, पितळेच्या कड्या आणि वर हिरवा-तांबडा रंग. आजेसासूबाईंनी तो रत्नागिरीच्या एका सुताराकडून मुद्दाम करवून घेतला होता. १९२९ साली माझे सासरे त्यात निजले, त्यांच्यामागून त्यांची चार भावंडे, मग आमचे 'हे' आणि माझ्या दोघी नणंदा, आणि १९८८ साली माझा मुलगा. एवढ्या माणसांना जोजवलेला पाळणा म्हणजे घरातले एक वडीलधारे माणूसच. त्याच्याविषयी कुणी वेडेवाकडे बोललेले आम्हाला खपत नसे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत मी तो माळ्यावरून उतरवून घेतला. सूनबाईला सातवा महिना लागला होता. तिचे माहेर नागपूरचे, आणि पुण्यातली नोकरी तिला शेवटपर्यंत सोडायची नव्हती. म्हणून बाळंतपण आमच्याच घरी करायचे ठरले होते. मी पाळणा ओल्या फडक्याने पुसला, कड्यांना चिंच लावून त्या लखलखीत केल्या आणि ती कामावरून येण्याची वाट पाहत बसले.

ती आली. पाळण्याभोवती दोनदा फिरली. "किती सुंदर आहे हो, आई!" म्हणाली. मी सुखावले. आणि मग पोरीने काय करावे? माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि पाळणा मोजायला बसली!

"आई, दोन दांड्यांमध्ये चार इंचांचं अंतर आहे."

"असेना का!" मी म्हटले. "बाळ काय त्यातून पळून जाणार आहे?"

"डोकं नाही जाणार," ती हळूच म्हणाली, "पण पाय आणि अंग जाईल."

माझ्या हातातले फडके तसेच राहिले. कारण हे मी पाहिले होते.

१९८९ च्या मे महिन्यातली दुपार. मुलगा सात महिन्यांचा, पाळण्यात गाढ निजलेला. मी स्वयंपाकघरात पापडाच्या लाट्या करीत होते. एकाएकी सासूबाईंची हाक आली, आणि ती हाक अशी की मी पोळपाट टाकून धावले. पाहते तो काय, बाळाचे पाय, पोट, छाती दांड्यांमधून बाहेर आलेली आणि डोके आत अडकलेले. ते रडतही नव्हते; रडायला श्वासच उरला नव्हता. सासूबाईंनी त्याला खालून उचलून धरले, मी त्याचे अंग वळवून आत घेतले. थोड्या वेळाने ते रडले, आणि मग आम्ही दोघी रडलो. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, देवापुढे साखर ठेवली आणि घरातल्या पुरुषांना यातले काही सांगायचे नाही असे आमचे ठरले. दृष्ट निघाली, पाळणा मात्र तोच राहिला. दुसऱ्या दिवशी बाळ पुन्हा त्यातच निजले. ते चार इंच मोजून पाहावेत असे आम्हा दोघींनाही सुचले नाही.

पस्तीस वर्षांनी ही गोष्ट मी पहिल्यांदा कुणाला सांगितली. सूनबाईने टेप गुंडाळून ठेवली, मला पाणी आणून दिले आणि म्हणाली, "आई, चूक तुमची नव्हती. मापाची होती."

त्या मापाची हकीकत मला तिच्याकडून कळली. अमेरिकेत १९७३ साली सरकारने नियम केला की बाळाच्या पलंगाच्या दोन दांड्यांमधले अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. सहा सेंटीमीटर म्हणजे सव्वादोन आणि अडीच इंचांच्या बरोबर मधोमध. यामागचा हिशेब साधा आहे. लहान बाळाचे डोके हा त्याच्या शरीराचा मोठा भाग. ज्या फटीतून बूड जाते तिच्यातून डोके जात नाही, आणि मग बाळ गळ्याशी लोंबकळते. घरात टेप नसली तर शीतपेयाचा डबा घ्यावा. तो दांड्यांमधून आरपार जात असेल तर तो पाळणा बाळासाठी नाही.

मी एवढ्यावर हार मानली नाही. "मध्ये एकेक दांडा घालून घेऊ," असे म्हणून मी सुताराला बोलावले. पण सूनबाईने बोट ठेवले ते कळसांवर. कोपऱ्याचा खांब कठड्याच्या वर आलेला असला की झबल्याची बंदी, गळ्यातला गोफ किंवा दुपट्याचे टोक त्यात अडकते आणि बाळाला फास बसतो. म्हणजे कळसही कापायला हवे. शिवाय रंग! जुन्या रंगांत शिसे असे. दात येऊ लागले की बाळ कठडा चावते आणि रंगाचे कपचे पोटात जातात. शिशाने बुद्धीच्या वाढीला कायमची इजा होते. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून जास्त शिशाचा रंग बनवायला बंदी आली. आमच्या पाळण्याचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. दांडे बदलायचे, कळस कापायचे, रंग खरवडायचा, मग त्यात आजेसासूबाईंचे उरले काय? सुतार चहा पिऊन परत गेला.

ही बातमी शेजारी पोहोचली. शेजारच्या वहिनींच्या मुलाचे बिऱ्हाड बरीच वर्षे अमेरिकेत होते. तिथून आणलेला कठड्याचा पलंग त्यांच्या अडगळीत पडून होता. "उगाच पैसे कशाला घालवता? हा घ्या, परदेशी आहे," म्हणून त्यांनी मोठ्या मनाने देऊ केला. एका बाजूचा कठडा खटक्याने खाली सरकायचा. बाळाला उचलताना वाकायला नको. मला तो फार आवडला. पण सूनबाईने पुन्हा नकार दिला! अशा सरकत्या कठड्याच्या पलंगांची विक्री खुद्द अमेरिकेतच जून २०११ पासून बंद झाली आहे. त्यांचे खटके आणि स्क्रू झिजतात, कठडा एका टोकाला सुटतो, गादी आणि कठडा यांच्यात फट पडते आणि बाळ त्या फटीत अडकते. दहा वर्षांत तीसहून अधिक बाळे अशी गेली, तेव्हा कुठे बंदी आली. वहिनी चार दिवस रुसल्या. पाचव्या दिवशी मी चकल्या घेऊन गेले आणि सगळे सांगितले. त्यांनी तो पलंग भंगारात न देता मोडूनच टाकला, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बाळाच्या वाट्याला जायला नको. वहिनींचे मन मोठे आहे ते असे.

शेवटी तोच सुतार पुन्हा आला आणि आमच्या मापांवर त्याने साधा पलंग करून दिला. मापे सांगते, कुणाला उपयोगी पडतील. दोन दांड्यांत सव्वादोन इंच. चारी कठडे पक्के, एकही सरकता नाही. खांब कठड्याच्या बरोबरीने, वर काही नाही. गादीखालची फळी अगदी खाली उतरवली असता फळीपासून कठड्याच्या माथ्यापर्यंत निदान २६ इंच. गादी काथ्याची, घट्ट. हाताने दाबली तर खळगा पडू नये. ती चौकटीत अशी बसावी की कडेला दोन बोटेसुद्धा शिरू नयेत. स्क्रू महिन्यातून एकदा पिळून पाहायचे. बाळ आपले आपण बसू लागले की फळी खाली उतरवायची, आणि त्याची उंची ३५ इंच झाली की पलंगाला रामराम. तोवर कठड्यावरून चढून पडण्याइतके ते शहाणे झालेले असते!

आता खरी कसोटी माझी होती. पलंग तयार झाला आणि मी तो सजवायला घेतला. जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी, कडेने कापसाचे लोड, एक कापडी ससा, आणि बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून स्वतः शिवलेली मोहरीची उशी. सूनबाईने एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवली. उशीला हात लावला तेव्हा मात्र मी बोलले, "अगं, या उशीवर तुझ्या नवऱ्याचं डोकं गोल झालंय!" त्यानंतर दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतेच बोलले.

तिने वाद घातला नाही. पुढच्या वेळी मलाच बरोबर घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेली. डॉक्टर वयाने माझ्याएवढे, म्हणून मी ऐकून घेतले. ते म्हणाले, "आजी, तान्ह्या बाळाला तोंडावर आलेलं पांघरूण दूर करता येत नाही. मऊ लोडात नाक रुतलं तर मान वळवायची ताकद नसते. उशीनं मान पुढे झुकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. पहिलं वर्ष पाळण्यात बाळाशिवाय काहीही नको." डोके गोल होण्याचा उपायही त्यांनी सांगितला: निजवताना डोके एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवावे आणि बाळ जागे असताना आपल्या डोळ्यांसमोर त्याला रोज थोडा वेळ पालथे ठेवावे.

निजवायचे मात्र उताणेच. यात आपल्या आज्यांची बाजू बरोबर ठरली, हे ऐकून मला बरे वाटले. पाश्चात्त्य देशांत कित्येक वर्षे बाळांना पालथे निजवण्याचा सल्ला दिला जाई. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या जगप्रसिद्ध पुस्तकाच्या १९५० नंतरच्या दशकांतल्या आवृत्त्यांतही तो होता. १९९१ साली ब्रिटनमधल्या दूरचित्रवाणी निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचे चार महिन्यांचे बाळ झोपेतच गेले. त्यांनी दुःख गिळून सरकारकडे लकडा लावला आणि त्याच वर्षी बाळांना उताणे निजवण्याची मोहीम तिथे सुरू झाली. काही वर्षांतच झोपेत जाणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून खाली आली. अमेरिकेने १९९४ साली तीच मोहीम घेतली आणि तिथेही हे प्रमाण दहाएक वर्षांत निम्म्यावर आले. सल्ला द्यायला पैसा लागला नाही, औषध लागले नाही. फक्त बाळ वळवायचे होते.

उताण्या बाळाने दूध काढले तर ते घशात अडकेल, ही भीती मलाही होती. पण उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेले दूध श्वासनलिकेत चढण्यापेक्षा खालीच परतते. पालथ्या बाळाचे याच्या उलट होते.

आणखी दोन-चार गोष्टी. लुगड्याच्या झोळीत बाळ लवकर झोपते हे खरे, पण त्याची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. झोळीत जोजवायचेच तर समोर बसून, आणि झोप लागली की सपाट गादीवर ठेवावे. झोक्याच्या पाळण्याचेही तसेच: झोका थांबल्यावर तो सपाट राहिला पाहिजे, आणि बाळ कुशीवर वळू लागले की त्याचा वापर थांबवावा. वर टांगलेल्या राघू-चिमण्या बाळ पाच महिन्यांचे झाले की काढून ठेवाव्यात. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून बांधू नयेत, खुबे निखळण्याचा धोका असतो. आणि बाळ वळू लागले की गुंडाळणे बंद. घरात झोपताना टोपडे नको, बाळाला उकडते. पलंग आईच्या पलंगाशेजारी, त्याच खोलीत असावा, पण बाळाची जागा वेगळी. रात्री पाजून झाले की परत त्याच्या गादीवर. आणि बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी घेऊ नये. ती सर्वांत धोक्याची.

पौषात नात झाली. बारशाचा दिवस आला तेव्हा सूनबाई आपणहून म्हणाली, "आई, नाव मात्र जुन्याच पाळण्यात ठेवायचं." पाळणा झेंडूने सजवला. आम्ही पाच जणींनी कठड्याला हात लावले, आत्याने कानात कुर्र केले, आणि चौथ्या पिढीचे नाव त्या पाळण्यात ठेवले गेले. गाणी संपली तशी सूनबाईने बाळाला उचलले आणि शेजारच्या साध्या, उघड्या-बोडक्या पलंगावर उताणे ठेवले. तिथे ना गोधडी, ना ससा, ना लोड. मला क्षणभर पोरके वाटले. मग नातीने मोठी जांभई दिली आणि ती मजेत झोपून गेली. आमची हौस तिला मुळीच नको होती.

रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. म्हणून त्या संध्याकाळी मी त्याच्या साखळ्या काढल्या, तो जुन्या चादरीत गुंडाळला आणि माळ्यावर चढवण्याआधी त्याच्या कडीला एक पुठ्ठा बांधला. पुढे कधी पणतवंडांच्या वेळी कुणी तो उतरवील, तेव्हा मी नसेन; पण पुठ्ठा असेल. त्यावर ठळक अक्षरात लिहिले आहे: 'बारशापुरता. झोपायला नाही. दांड्यांत चार इंच.' आणि खाली, शिवणाच्या डब्यातली ती टेप बांधून ठेवली आहे.